जुने फोटो आणि घरच्या गोष्टींवरून घराण्याचा इतिहास कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही घरांचा इतिहास जुळवते आहे. माहेर कागल तालुक्यातलं, सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. हे कळल्यापासून नात्यातली, ओळखीतली माणसं पिशवीत फोटो घालून घरी येतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं कोल्हापूर जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

सुरुवात कुठून करायची? आधी कचेरीत जायचं की घरात शोधायचं?

घरात. त्यातही कपाट नंतर, आधी माणसं. घरातलं जे सगळ्यांत वयस्कर माणूस अजून नीट बोलतंय, त्याच्याकडं याच रविवारी जा. तहसील कचेरीतला कागद पुढच्या वर्षीही तिथंच असेल, आत्याची आठवण असेलच असं नाही. माझ्या थोरल्या मामांकडं मी "दिवाळी झाली की जाऊ" म्हणत राहिले. मामा दसऱ्यानंतर गेले. आजोळच्या चार पिढ्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती. त्यातली दोन पिढ्यांची मला अजून मिळालेली नाहीत.

जाताना फोटो मोबाइलमध्ये दाखवायला नेऊ नका. म्हाताऱ्या डोळ्यांना पडदा दिसत नाही, आणि बोट लागलं की चित्र पुढं सरकतं. ए-फोर कागदावर मोठी प्रत काढून न्या आणि हातात द्या. बोलणं रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. फोन मांडीवर लपवून ठेवू नका.

"काय करायचंय तुला ते सगळं?" म्हणून घरातली वडीलधारी विषय टाळतात. काय करावं?

साल विचारू नका. "आजोबा कोणत्या साली वारले?" या प्रश्नाला उत्तर येत नाही, मग समोरच्याला आपल्याला काही आठवत नाही असं वाटतं आणि गप्पा तिथंच थांबतात. त्यापेक्षा सगळ्यांनी भोगलेल्या एखाद्या घटनेला खुंटी बांधा. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कोणत्या घरात राहत होता?" (तो ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला, आणि त्या वयाच्या प्रत्येकाला आपण कुठं झोपलो होतो ते आठवतं.) बहात्तरचा दुष्काळ. कोल्हापूर संस्थान विलीन झालं तो मार्च १९४९. गांधीहत्येनंतरची जाळपोळ, जिच्यात कोल्हापुरातला सिनेमाचा जयप्रभा स्टुडिओही जळाला, ते १९४८. त्याच्याही मागचं विचारायचं असेल तर "तुमची आई काय सांगायची?" असं विचारा. मग १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत कोण गेलं, प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या कुठं घातल्या होत्या, हे हळूहळू बाहेर येतं.

बायकांशी बोलताना वस्तूंपासून सुरुवात करा. हे पातेलं कुणाच्या लग्नातलं, यावर हे नाव कुणाचं? पितळेच्या भांड्यांवर ठोकून घातलेली नावं आणि तारखा हा फार मोठा पुरावा आहे आणि तो लोक मोडीत घालतात. जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल तर तिला त्या म्हणायला लावा. त्यांत भावांची, माहेरच्या गावांची नावं गुंफलेली असतात.

आणि एकदाच जाऊन काम होत नाही. पहिल्या भेटीत चहा होतो. खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तुम्ही चप्पल घालायला लागलात की सुरू होते.

फोटोच्या मागं नाव नाही, तारीख नाही. काळ कसा ओळखायचा?

आधी चेहऱ्याकडं बघणं सोडा आणि फोटो ही वस्तू म्हणून हातात घ्या.

पातळ कागद, तपकिरी-पिवळसर रंग आणि तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, असं असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. काळ्या भागावर कडेकडेनं चांदीसारखी निळसर झाक आलेली दिसली तर तो जिलेटिन कागद, १८९० नंतरचा, आणि अशी झाक विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतल्या फोटोंवर हमखास दिसते. मागच्या बाजूला पोस्टकार्डासारख्या रेघा आणि तिकिटाची चौकट असेल तर गोंधळू नका. फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापून देण्याची पद्धत होती. नागमोडी कातरलेल्या कडा साधारण १९३० ते १९६० च्या दशकांतल्या. लहान चौकोनी फोटो, उन्हात डोळे बारीक केलेली माणसं, मागं अंगणातली तुळस किंवा रंकाळा तलावाचा कठडा, असं दिसलं की घरातल्या कुणाकडं तरी आग्फा क्लिकसारखा साधा कॅमेरा आला होता असं समजा. ते साठ-सत्तरचं दशक. प्लास्टिकसारखा गुळगुळीत, न वळणारा कागद सत्तरनंतरचा.

मग स्टुडिओचं नाव. ते पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात उमटवलेलं असतं, तिरप्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. नाव नसेल तर मागचा पडदा बघा. कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांची मोठी परंपरा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनीही ते काम केलं. स्टुडिओतले पडदेही हातानं रंगवलेले असत. खांब, जिना, कमान, फुलांची कुंडी. दोन वेगळ्या घरांतल्या फोटोंत तोच पडदा, तीच खुर्ची दिसली, आणि एकावर तारीख असली, तर दुसऱ्याचा काळही बराच जवळ येतो. म्हणून भावकीतले सगळे फोटो एकत्र बघायचे.

कपडे आणि दागिने शेवटी बघा, कारण ते फसवतात. कोट स्टुडिओचा असायचा, दागिने मागून आणलेले. पण तेच फसवणं कधी कधी सगळ्यात जास्त सांगून जातं. आमच्याकडचाच एक फोटो सांगते.

माझी आजी खुर्चीत बसली आहे, नऊवारी, गळ्यात कोल्हापुरी साज. मागं एक बाई उभी आहे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, गळ्यात नुसते काळे मणी. ती बाई कोण हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. "असेल कोणतरी नात्यातली, कामाला आलेली," असं मीच ऐकत मोठी झाले. २०१८ साली मी फोटोची मोठी प्रत आत्याच्या हातात दिली. आत्या तेव्हा ब्याऐंशीची. तिनं चेहऱ्यांकडं बघितलंच नाही. साजातल्या एका पदकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही पानडी वाकडी दिसतीया बघ. ती मी चावलेली." मग म्हणाली, "हा साज आईचा न्हवं. थोरल्या काकीचा. फोटोपुरता आईच्या गळ्यात घातला. मागं उभी हाय ती थोरली काकीच."

साजाची मालकीण मोकळ्या गळ्यानं मागं उभी होती, आणि आम्ही तिला कामवाली म्हणत होतो.

काळही त्यातूनच मिळाला. आत्याचा जन्म शाळेच्या रजिस्टरात १९३६ चा. पानडी चावायला दात हवेत, म्हणजे फोटो १९३७ च्या आधीचा नाही. आजी आत्याच्या पाचव्या वर्षी गेली, म्हणजे १९४१ च्या नंतरचा नाही. चार वर्षांच्या आत आलो, आणि ते कोणत्याही कागदाशिवाय.

भिंतीवर पणजोबांचा मोठा फ्रेम केलेला फोटो आहे. तो विश्वासार्ह मानावा का?

चेहऱ्यापुरता. माणूस गेल्यावर त्याचा एकही स्वतंत्र फोटो नाही असं लक्षात यायचं. मग लग्नातल्या किंवा तालमीतल्या समूहातून चेहरा उचलून मोठा करायचे, खाली कोट-उपरणं रंगवायचे, डोळे-मिशा ब्रशनं गडद करायचे. हे काम करणारे कसबी कलाकार इथं होते आणि ते इतकं सुरेख करत की आज ओळखू येत नाही. भिंग घेऊन मानेच्या रेषेवर बघा. चेहऱ्यावर फोटोचा बारीक कण दिसतो आणि कोटावर ब्रशचा फटकारा. मूळ समूहफोटो कुठंतरी असतोच, तो शोधणं जास्त मोलाचं.

आणि जयंती-पुण्यतिथीला काचेवर गंध लावता तेव्हा ते ओघळून फ्रेमच्या खाचेत शिरतं. गंध काचेवर न लावता फ्रेमच्या लाकडावर लावा.

फोटोत आजोबा लंगोट घालून, हातात गदा घेऊन उभे आहेत. कुठं चौकशी करू?

त्यांच्या तालमीत. कोणती तालीम हे घरात माहीत नसेल तर पेठेवरून अंदाज बांधा. आमच्याकडं माणूस आधी तालमीचा आणि मग पेठेचा. जुन्या तालमींच्या भिंतीवर समूहफोटो असतात, खाली नावं लिहिलेली असतात. खासबागचं कुस्तीचं मैदान १९१२ चं आहे, तेव्हा मागं ते दिसत असेल तर फोटो त्यानंतरचा हे पक्कं.

खापरपणजोबा "लढाईवर गेले होते" एवढंच माहीत आहे.

पदक असेल तर त्याची कड बघा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते, अनेक घरांत शंभर वर्षांत ती कुणी वाचलेलीच नसते. पलटण कळली की अर्धं काम झालं. कोल्हापूर संस्थानची स्वतःची राजाराम रायफल्स होती, तीही ध्यानात ठेवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या हिंदी सैनिकांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे घालून बघा, कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. गावात "इथून इतकी माणसं महायुद्धावर गेली" अशी संगमरवरी पाटी असेल तर तिचाही फोटो घ्या. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात तर घरोघर अशा गोष्टी आहेत.

आमच्या जुन्या फोटोत एक गोरी, परदेशी बाई आणि मुलं आहेत. आमच्या घरात परदेशी कोण असणार?

हा प्रश्न मला तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा घर वळिवडे-उचगाव-गांधीनगर पट्ट्यातलं निघालं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून निर्वासित झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला होती. त्यात बायका आणि मुलंच जास्त. आजूबाजूच्या गावांतली माणसं दूध, भाजी, कापड घेऊन तिथं जात, कामाला असत, आणि ओळखी झाल्या. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, तेच आजचं गांधीनगर. महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. तुमच्या फोटोच्या मागं परक्या लिपीत काही लिहिलेलं असेल तर ते आधी नीट स्कॅन करा, कारण तिकडच्या एखाद्या नातवंडाला तुमचा फोटो हा त्याच्या आजीचा हरवलेला फोटो असू शकतो.

हेळवी येऊन वंशावळ वाचतात. ती खरी धरायची का?

आदरानं ऐका, पूर्ण लिहून घ्या आणि मग ताडून बघा. हेळवी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आलेत, पूर्वी नंदीवर बसून यायचे, आता गाडीवर येतात. त्यांच्या वहीत मूळ गाव, कुलदैवत, कोण कुठून उठून कुठं वस्तीला गेलं याच्या नोंदी असतात, आणि गावं बदलल्याच्या या नोंदी माझ्या अनुभवात बऱ्याचदा कागदाशी जुळल्या आहेत. अगदी वरच्या पिढ्यांत मोठ्या घराण्याशी नातं जोडलेलं ऐकलं तर तिथं प्रश्नचिन्ह ठेवा.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खुपते. वाचन चालू असताना "अमक्याचे तीन मुलगे" येतं, मुलींचं नाव येत नाही. आमच्या थोरल्या काकांच्या नावाजवळ "वंश नाही" एवढेच शब्द होते. काकींचं नाव नव्हतंच. म्हणून मी हेळव्यांना दक्षिणा देताना घरातल्या मुलींची, सुनांची नावं वहीत घालायला सांगते. गेल्या खेपेस त्यांनी घातली.

पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही बघाव्यात. घरातून कुणी यात्रेला, अस्थी घेऊन गेलं असेल तर त्यांची सही किंवा अंगठा तिथं सापडतो. श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात, ती चिठ्ठी जपून ठेवली असली तर तीही कामाची.

सरकारी कागद नेमके कोणते आणि कुठं?

गावाकडचं असेल तर सातबारा फार मागं जात नाही. फेरफार मागा, म्हणजे गाव नमुना सहा. जमीन कुणाकडून कुणाकडं आणि का गेली ते त्यात वाक्यात लिहिलेलं असतं. गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. बाळाचं नाव बहुधा नसतं, "अमक्यास मुलगी" एवढंच असतं. जातीच्या दाखल्यांसाठी अलीकडं लोक याच वह्या शोधत असल्यामुळं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गर्दी असते, सकाळी लवकर जा आणि गावाचं नाव, अंदाजे वर्षं कागदावर लिहून न्या. शहरात असाल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, तेव्हा शहरातल्या नोंदी बऱ्याच जुन्या मिळू शकतात.

शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा हुकूम काढला, त्यामुळं इथल्या साध्या शेतकऱ्याचा मुलगाही शाळेच्या वहीत सापडण्याची शक्यता आहे. घरातलं कुणी १९०१ पासून निघालेल्या कोल्हापुरातल्या बोर्डिंगांपैकी, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांपैकी, एकात राहून शिकलं असेल तर तिथं विचारा.

करवीर संस्थानचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. तिथं इनाम, वतन, नेमणुका यांचे कागद मिळतात. हे घरचं आणि गावचं काम झाल्यावरचं ठिकाण आहे. नाव, गाव आणि अंदाजे काळ हातात नसताना गेलात तर रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या ढिगात हरवून जाल.

मोडी शिकावी लागेल का?

मागं जायचं असेल तर हो, आणि वाटतं तितकं अवघड नाही. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. ओळभर शिरोरेघ आधी मारून त्याखाली अक्षरं लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं. सुरुवातीला पूर्ण कागद वाचायच्या नादी लागू नका. "बिन" (अमक्याचा मुलगा) आणि "कोम" (अमक्याची बायको) हे दोन शब्द ओळखायला शिका. त्यांच्या अलीकडं-पलीकडं तुमची माणसं उभी असतात.

शके, फसली, सुरसन या जुन्या कालगणनांचं इसवी सन कसं करायचं?

शके असेल तर ७८ मिळवा (पौषापासून पुढच्या महिन्यांत ७९). फसलीत ५९० किंवा ५९१. शुहूर सनात, म्हणजे सुरसनात, ५९९ किंवा ६००. सुरसन अरबी शब्दांत लिहितात. "अर्बा मयातैन अलफ" म्हणजे चार, दोनशे आणि हजार, मिळून १२०४, अर्थात १८०३-०४. राज्याभिषेक शक दिसला तर १६७३ किंवा १६७४ मिळवा.

आजोबांच्या दाखल्यावर पाटील, पणजोबांच्या कागदावर दुसरंच आडनाव. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. पाटीलकी, कुलकर्णी ही कामं होती, ती आडनावं झाली. कुणी गाव सोडलं की गावाचं नाव आडनाव झालं. एकाच माणसाच्या तीन नोंदी तीन आडनावांनी मी पाहिल्या आहेत. आडनावाऐवजी वडिलांचं नाव, गाव आणि गट नंबर यांचा मेळ घाला. दत्तक गेलेल्या मुलाचं तर नाव-आडनाव-वडील सगळंच बदलतं. शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव होते, १८८४ साली दत्तक आल्यावर शाहू झाले. तुमच्या घरात एखादा पुरुष अचानक उगवला किंवा अचानक नाहीसा झाला, तर आधी दत्तकाचा विचार करा.

वंशावळीत बायकांची नावंच नाहीत. ती कुठं मिळतील?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वंशावळ नावाचा जो कागद आपण फ्रेम करून लावतो त्यात अर्धं घर नसतं. जी सून म्हणून आली तिचं माहेरचं नाव पुसलं, लग्नात नवं ठेवलं, मग ती "थोरली काकी", "धाकटी वहिनी", "अमक्याची आई" झाली, आणि गेल्यावर तेही राहिलं नाही.

फोटोत मात्र त्या आहेत. त्यामुळं फोटोपासून मागं चालत जा. त्या बाईच्या माहेरचं गाव विचारा आणि तिथं जा. माहेरी तिचं मूळ नाव अजून कुणाच्या तरी तोंडात असतं, कारण तिथं ती कुणाची तरी आत्या असते. लग्नपत्रिका, रुखवताच्या याद्या, दागिन्यांच्या सोनाराकडच्या चिठ्ठ्या बघा.

आणि फेरफार वाचा, वारसनोंदीचे. विशेषतः १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतरचे. त्यात "मयताची विवाहित मुलगी, राहणार अमुक गाव" अशा ओळी येतात. बऱ्याच घरांत बाईचं पूर्ण नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा दिसतं ते हक्कसोडपत्रात, भावांच्या नावे जमीन सोडून देताना. खाली डाव्या हाताचा अंगठा. मी असे कागद वाचताना दर वेळी थांबते. तो अंगठा म्हणजे अनेकदा त्या बाईनं मागं ठेवलेली एकमेव खूण असते, त्याचाही स्कॅन फोटोसारखाच जपून ठेवा.

थोरल्या काकीचं नाव मला असंच मिळालं. काका वारल्यावरच्या फेरफारात, "मयताची बायको" या शब्दांच्या पुढं. आत्यालाही ते ठाऊक नव्हतं. सांगितलं तेव्हा तिनं दोन-तीनदा म्हणून बघितलं.

घरात सांगतात की आमच्या पूर्वजानं राजवाड्यावर अमुक पराक्रम केला. खरं कसं ठरवायचं?

गोष्टीतला गाभा आणि झालर वेगळी करा. एकच गोष्ट भावकीतल्या तीन घरांत वेगवेगळी ऐका. तिन्हींत जे सारखं येतं ते धरून ठेवा, जे एकाच घरात येतं ते त्या घराच्या नावानं टिपून ठेवा. खोटी म्हणून फेकू नका. आमच्याकडं "पणजोबांना महाराजांनी घोडा दिला" असं सांगत. कागदात निघालं की पणजोबा पागेत नोकरीला होते. घोडा मिळाला नव्हता, पण घोडा खरा होता.

शोधता शोधता नको ते सापडलं तर?

सापडणारच. दुसरी बायको, सोडून गेलेली सून, फसवून लिहून घेतलेली जमीन. ज्यांना त्यानं थेट त्रास होईल ती माणसं हयात असतील तर त्यांना आधी एकट्याला भेटून सांगा, घराच्या ग्रुपवर टाकू नका. लिहून मात्र ठेवा. पाकिटावर "अमुक सालापर्यंत उघडू नये" असं लिहिलं तरी चालतं. फाडू नका.

पुरात फोटो भिजले. आता काय करता येईल?

२००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांनंतर लोकांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं ते घाईनं. चिखल पुसू नका. ओल्या फोटोवरचा थर मऊ पडलेला असतो, फडका लागला की चेहरा निघून येतो. पसरट भांड्यात स्वच्छ थंड पाणी घ्या, फोटो हळू हलवत धुवा, पाणी बदलत राहा. एकमेकांना चिकटलेले असतील तर ओढू नका, पाण्यातच आपोआप सुटू द्या. मग चित्राची बाजू वर करून टीपकागदावर सावलीत वाळवा. ऊन नको, ड्रायर नको. दोन दिवसांत सगळे हाताळणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर थोडे थोडे काढा. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नका. फ्रेममधला फोटो काचेला चिकटून वाळला असेल तर तो सोडवायचा प्रयत्नच करू नका, काचेसकट स्कॅन करा.

पूरपट्ट्यात राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की गॅस सिलिंडरसोबत अल्बमची पेटीही माडीवर जाऊ द्या. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.

स्कॅन कसं करावं? मोबाइल चालतो का?

स्कॅनरवर ६०० डीपीआय, टिफ फाइल, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. मोबाइल चालतो, फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात. फोटो लॅमिनेट करू नका. मी एकदा केला, दुकानदारानं आग्रह केला म्हणून. तो आजोबांचा एकमेव तरुणपणचा फोटो होता. आता तो प्लास्टिकच्या आत पिवळा होत चालला आहे आणि बाहेर काढता येत नाही. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बमही तसेच, त्यातून फोटो सुटत असतील तोवर काढून घ्या.

संगणकावर फोटो रंगीत केला, चेहरा स्पष्ट केला तर?

प्रतीवर हवं ते करा, मूळ फाइल तशीच ठेवा आणि केलेल्या प्रतीवर तसं लिहा. यंत्रानं दिलेला लुगड्याचा रंग हा अंदाज आहे, आणि "स्पष्ट" झालेले डोळे तुमच्या पणजीचे नसतात. आत्याला मी रंगीत प्रत दाखवली तर म्हणाली, "आई हिरवं नेसायची न्हाई."

भावकी फोटो द्यायला तयार नाही.

मागू नका. त्यांच्या घरी बसून मोबाइलवर घ्या आणि आधी तुमच्याकडचे त्यांना प्रिंट करून न्या.

फोटोच्या मागं काय आणि कसं लिहायचं?

मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेन उमटतं, शाई फुटते. "आजी" असं लिहू नका, पन्नास वर्षांनी कुणाची आजी हे कळणार नाही. पूर्ण नाव, माहेरचं गाव, कुणी ओळखलं आणि कधी, एवढं हवं. खात्री नसेल तिथं "बहुधा" लिहा. आमच्या त्या फोटोच्या मागं आता असं आहे. नावं घरची आहेत म्हणून इथं गाळली आहेत.

"बसलेली: आजी, पूर्ण नाव, माहेर मुरगूड. उभी: थोरली काकी, पूर्ण नाव, माहेर बहुधा निपाणीकडं. काळ १९३७ ते १९४१. साज उभीचा आहे. ओळखलं आत्यानं, मे २०१८."